चोरलेला पान्हा

माझी नात परभणीच्या दवाखान्यात नर्स आहे. परवा माझं ब्लडप्रेशर बघता बघता ती सांगत होती, की माणूस सारखं चिडलेलं, धास्तावलेलं राहिलं की अंगातली हार्मोन बिघडतात. मग अन्न पचत नाही, झोप उडते, केस गळतात, ओल्या बाळंतिणीचं दूधसुद्धा अडतं. मी नुसतं हं हं केलं. हेच मला निजामाच्या राज्यात माझ्या सासूनं गोठ्यात उकिडवं बसून सांगितलं होतं, आणि तिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून दोन कोसांवर. घरची शेती, दोन भाऊ एकत्र, आणि मी थोरली सून. धाकटी जाऊ पाथरीकडची. तिचे वडील शाळामास्तर होते, त्यामुळे तिला उर्दू वाचता यायचं. तेव्हा तहसिलीतून येणारा प्रत्येक कागद उर्दूत. ती येण्याआधी सासऱ्यांना एकेका कागदासाठी लोकांच्या ओसरीवर ताटकळत बसावं लागे. आता ते आपल्याच ओसरीवर तक्क्याला टेकून बसत आणि ती दाराआडून वाचून दाखवी. तेवढा वेळ घरातलं सगळं थांबे. गडीसुद्धा बैलांना पाणी दाखवायचं सोडून ऐकत उभे राहत. मी आठ वर्षं त्या घरची चूल सांभाळली, पण माझं काम बघायला कुणी कधी थांबलं नाही.

ती वाईट असती तर माझी सोय झाली असती. पण ती मला अक्का अक्का करायची, आपल्या वाटचं दही माझ्या ताटात वाढायची. त्या दह्यानं मी आणखीच जळायची.

दोन मुलींच्या पाठीवर मला मुलगा झाला. आठ दिवसांनी तिला माहेरी मुलगी झाल्याचा निरोप आला. मला आनंद झाला, आणि तो कशाचा झाला हे मला चांगलं ठाऊक होतं. आता माझे दिवस आले असं मी धरून चालले. ती माहेरी होती तो सव्वा महिना मला इतकं दूध होतं की पोराला ठसका लागायचा. सासूबाई कौतुकानं शेजारणींना सांगायच्या.

मग ती गाडीतून उतरली. सासऱ्यांनी नातीचं तोंड बघितलं न बघितलं आणि भिंतीतल्या देवळीत महिनाभर जपून ठेवलेला कागद काढला. ती बाळाला मांडीवर घेऊन वाचू लागली. माझा मुलगा माझ्या खांद्यावर होता, मी तिथंच खांबाला टेकून उभी होते, आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. छातीत धडधडायला लागलं, तोंडाला कोरड पडली. त्या दिवशी संध्याकाळी पोर पिता पिता तोंड काढून रडलं.

चार दिवसांत दूध निम्म्यावर आलं. घास घशाखाली उतरेना, जेवलं की छातीत आग व्हायची. विंचरताना केसांचा पुंजका फणीत यायचा. सासूबाईंनी हळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू केले, खसखस वाटून दिली. मी सगळं गिळलं आणि उपयोग शून्य. मग मी ठरवलं की हे तिच्या नजरेचं काम आहे. मीठमोहऱ्या उतरवून घेतल्या. तिच्यासमोर पदराखाली घेणं बंद केलं आणि ज्वारीच्या कणगीमागे जाऊन बसू लागले. बसायची कणगीमागे, पण कान बाहेर. तिची मुलगी चुटूचुटू प्यायची ते मला ऐकू यायचं. किती वेळ पितेय ते मी मनात मोजायची, आणि माझ्या मांडीवर माझं पोर कोरड्या छातीशी झटत असायचं.

महिनाभरात त्याच्या मांड्यांवरची कातडी सैल झाली. रडणं बारीक झालं. म्हशीचं दूध पाणी घालून पाजलं तर ते ओकून टाकायचा. तरी जावेला नजरेसमोर येऊ देईन तर शपथ.

त्या दिवसांत संध्याकाळची धार माझ्याकडे होती. एकदा मी रेडकू सोडलं, पुन्हा बांधलं आणि कासेला हात घातला, तर म्हैस दूध सोडेना. मी तिला शिव्या घातल्या, पाठीवर रट्टा दिला. सासूबाई आल्या, मला बाजूला सारलं. त्यांनी म्हशीच्या मानेखाली खाजवलं, उगाच काहीबाही बोलत राहिल्या, आणि थोड्या वेळानं भांड्यात धारा वाजायला लागल्या.

"म्हस पान्हा चोरायलीय," त्या मागं न बघता म्हणाल्या. "तुझ्या हातात लय राग हाय, तिला कळायलंय. दूध न्हाई असं न्हाई. तू बी तेच करायलीस, पोरी."

मला म्हशीच्या दावणीला बांधलं म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कणगीमागे होते. पोर रडायचंसुद्धा थांबलं होतं, नुसतं ओठ हलवत होतं. जाऊ समोर येऊन बसली. तिनं हात पुढे केले.

"अक्का, द्या त्याला माझ्याकडं."

मी दिला. दिला म्हणजे माझे हातच सैल पडले. तो तिला लुचला आणि घटाघटा गिळायला लागला. इतका मोठा आवाज त्यानं माझ्याजवळ कधी केला नव्हता. त्या क्षणी मला तिचे केस धरून तिला ओढावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी, पोर जगतंय आता, असं वाटून माझ्या पाठीचा ताठा उतरला. दोन्ही खरं आहे.

तेवढ्यात झोळीत तिची मुलगी उठली आणि टाहो फोडायला लागली. माझी मांडी रिकामी होती म्हणून मी तिला उचललं. तिनं माझ्या छातीत तोंड खुपसलं. झिणझिण्या आल्या आणि माझी चोळी दोन्हीकडून भिजली. ती मुलगी डोळे मिटून प्यायली. पोट भरल्यावर माझं बोट धरून झोपली.

मी वर बघितलं. जाऊ माझ्याकडे बघत होती. ओठांनी हसत होती, पण डोळे मुलीवर खिळलेले.

"झाली असंल तिची भूक. द्या इकडं," ती म्हणाली. तो आवाज मी ओळखला. तो माझाच होता.

त्यानंतर दूध मला परत येत गेलं. माझं पोर कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे पिऊन सुधारलं. तिची मुलगी मात्र माझी चटक लागल्यासारखी करी. तिच्याजवळ हातपाय झाडायची आणि माझ्या मांडीवर आली की गप्प. आता मी पाजायला बसले की जाऊ काहीतरी निवडायचं घेऊन जवळच बसायची. एकदा ओसरीवर कागद वाचतानाही तिचं लक्ष नव्हतं. सासऱ्यांना एक ओळ दोनदा विचारावी लागली.

तीनेक आठवड्यांनी सासूबाईंनी हळिवाची वाटी पुन्हा काढली. मी हात पुढे केला.

"तुला न्हाई," त्या म्हणाल्या. "तिचं कमी व्हायलंय."

ती वाटी मीच तिला नेऊन दिली आणि ती संपवेपर्यंत समोर बसून राहिले. त्या दुपारी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, आणि छातीत अजिबात आग झाली नाही.