घरी राहिलेल्यांचा वाटा

त्या सकाळी मी सुपरमार्केटमध्ये भाजीच्या रांगेत उभी होते. हातात मेथीची जुडी होती आणि आमच्या इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. तो पेशावरकडचा, एरवी जिन्यातून हाक मारली तर चौथ्या मजल्यावर ऐकू येईल असा आवाज. त्या दिवशी इतक्या हळू बोलला की मला दोनदा विचारावं लागलं. "मॅडम, साब नीचे कुर्सी पे बैठे हैं... उठ नहीं रहे." मी जुडी परत जागेवर ठेवली, टॅक्सी केली आणि घरी आले. आजोबा लॉबीतल्या खुर्चीत बसलेलेच होते, गाडीची किल्ली मांडीवर. अँब्युलन्सवाल्यांनी त्यांना तसंच बसू दिलं होतं. मी पोचेपर्यंत कुणी घाई केली नाही, याबद्दल मी त्या मुलांची आभारी आहे.

ईशान, जाई, याला आता दीड महिना होत आला. तुमचे बाबा इथे आले, सगळं नीट करून परत गेले. तुम्हाला येता आलं नाही, त्यामुळे घरी भेटायला आलेल्या माणसांनी आजोबांबद्दल काय काय सांगितलं ते तुम्ही ऐकलं नाहीत. ते लिहून ठेवावं असं वाटलं. तुम्ही मराठी अडखळत वाचता, तेव्हा बाबांना जवळ बसवा. पुरवणीच्या इतर वाचकांनी एका आजीचं हे घरगुती बोलणं सांभाळून घ्यावं.

तुमच्या आजोबांना, म्हणजे सुधाकरांना, अबुधाबीत ओळखणारी माणसं एका गोष्टीवरून ओळखत. "ते मूसवाले का?" आधी ते फ्रोझन मालाच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते, पुढे मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या कोल्ड स्टोरेजचे सुपरवायझर झाले. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. आमचं सगळं आयुष्य पगार ते पगार, पण टापटीप. त्यात मूस आला तो तुमच्या बाबांनी पाठवलेल्या एका फोटोतून. तुम्ही कॅनडातल्या त्या घरी नुकतेच राहायला गेला होतात. तुमच्या पोस्टाच्या पेटीशेजारी एक जनावर उभं होतं, घोड्याहून उंच, सांबरासारखं पण लांब नाकाचं, डोक्यावर पसरलेल्या तळहातांसारखी शिंगं. आम्ही सगळ्यांनी "बापरे" लिहून अंगठे पाठवले. आजोबा मात्र तो फोटो मोठा करून करून बघत राहिले. संध्याकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "याच्या मागे एकदा जायला पाहिजे."

हे ऐकून मी हसले नाही, कारण मला त्यांचं लहानपण माहीत होतं. संगमेश्वराजवळच्या त्यांच्या गावी त्यांच्या वडिलांकडे पीक राखायला म्हणून परवान्याची बंदूक होती. डुकरं भातात शिरली की सगळी वाडी रानात जायची. आजोबा तेव्हा पोरवयाचे. त्यांचं काम पत्र्याचा डबा बडवत रान उठवायचं. त्यांनी स्वतः कधी बंदूक उडवली नाही. मग कायदा कडक झाला, बंदूक जमा झाली, आणि ते बरंच झालं असं तेच म्हणत, रानात उरलं होतं काय. पण कुठेतरी जनावरं भरपूर आहेत, सरकार स्वतः मोजून परवाने देतं, चोरून काही करावं लागत नाही, हे कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी आमच्या लग्नानंतर फारदा पाहिलेलं नव्हतं.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. शिकारीला नेणाऱ्या तिथल्या कंपन्या जे पैसे मागत ते डॉलरमधून दिरहमात आणि दिरहमातून रुपयांत मोठ्याने करून त्यांनी मला ऐकवले, आणि दोघांनी मिळून विषय बदलला. पण आठवड्याभराने त्यांना नियमात एक फट सापडली. तुमच्या प्रांतात बाहेरच्या माणसाला कंपनीबरोबरच जावं लागतं, मात्र जवळचा नातेवाईक तिथला रहिवासी असेल आणि त्याच्याकडे परवाना असेल तर त्याच्याबरोबर जाता येतं. जवळचा नातेवाईक म्हणजे तुमचे बाबा. त्यांनी फोनवर एका वाक्यात निकाल लावला, "बाबा, मी झुरळसुद्धा मारत नाही." आजोबांनी वाद घातला नाही. त्यांनी शिकारीच्या सुरक्षिततेचा ऑनलाइन अभ्यासक्रम स्वतः घेतला. रोज कामावरून आल्यावर जेवणाच्या टेबलाशी बसत, अडलेले इंग्रजी शब्द मला विचारत. मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं, पण बंदुकीच्या भागांची नावं मला त्यांच्यामुळे कळली. पास झाल्याचा स्क्रीनशॉट त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, खाली एक शब्द नाही. पुढच्या महिन्यात तुमच्या बाबांनी, म्हणजे समीरनेही, त्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवलं.

तरी खर्च उरलाच होता, आणि तो खाली कसा आणायचा यात त्यांची खरी करामत. बाबांच्या ऑफिसात ग्लेन नावाचा सहकारी आहे, त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिकार चालत आलेली. त्याची गाडी, त्याची बंदूक, त्याचं रानातलं लाकडी खोपट. आजोबांनी त्याच्याशी व्हिडिओवर बोलून सौदा केला की पेट्रोल अर्धं आमचं आणि सगळ्यांचा स्वयंपाक आजोबांकडे. थंडीचे कपडे कॅनडात महाग, म्हणून कोल्ड स्टोरेजमध्ये कामगार घालतात ती जाड जाकिटं, तसले बूट त्यांनी कंपनीतल्या जुन्या मालातून मागून घेतले. बाहेर ऑगस्टची रणरण, स्टेअरिंगला हात लावता येत नाही, आणि हे जेवणाच्या सुट्टीत ते जाकीट चढवून माल गोठवण्याच्या खोलीत जाऊन बसायचे. थंडी कुठून शिरते ते तपासायला.

तिथेच ती भानगड झाली. मूसला बोलवायला शिकारी मादीचा आवाज काढतात, लांबलचक, नाकातून, दुखल्यासारखा. आजोबा तो आवाज जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची पुंगळी करून शिकत होते. घरात मी बंदी घातली, कारण शेजारची लेबनीज बाई दार वाजवून माझी तब्येत विचारून गेली. गाडीत काचा बंद करून करायचे, तर सिग्नलला लोक बघायचे. शेवटी गोठवण्याच्या खोलीत कुणाला त्रास नाही म्हणून तिथे एकदा त्यांनी मन लावून आवाज काढला. बाहेरच्या कामगारांना वाटलं, आत कुणीतरी अडकून कण्हतंय. फोर्कलिफ्ट टाकून माणसं धावली, दार उघडलं, तर आत कोळंबीच्या खोक्यावर सुपरवायझर बसलेले, तोंडाला कॅलेंडर. पास्कल हे मला सांगताना इतका हसला की रडायला लागला... आणि मग खरंच रडायला लागला.

पास्कल म्हणजे वसईचा पास्कल काका, कंपनीच्या मटण विभागात कापणारा. आजोबांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण बोलायला एकेरी. तिथे जनावर कापून पॅक करून द्यायचे वेगळे पैसे पडतात असं कळल्यावर आजोबांनी त्याला गाठलं, मला शिकव. पास्कल म्हणाला, "सुध्या, मूस म्हणजे काय? शिंगवाला उंट. उंटावर शीक." आणि उंटाची अख्खी मागची तंगडी समोर टाकून त्याने सांध्यातून सुरी कशी न्यायची, स्नायू रेघेने कसे सोडवायचे ते शिकवलं. शुक्रवारी हे घरी यायचे तेव्हा हाताला येणारा वास जाईपर्यंत मी त्यांना बाल्कनीत बसवत असे. मी शाकाहारी घरातली. त्यांच्यासाठी मटण, मासे सगळं आयुष्यभर रांधलं, पण खाल्लं कधीच नाही.

एकाच ठिकाणी त्यांचा हिशेब चुकला, आणि ती चूक फक्त आखातातला माणूसच करू जाणे. आम्ही इथे जगातली कुठलीही वस्तू विमानात नेता येणाऱ्या तीस किलोत मोजतो. किती आणता येईल, किती नेता येईल, खोका कसा बांधायचा, दोरी कशी आवळायची. आजोबांनी दोन थर्मोकोलची खोकी आणली, वर मार्करने नाव लिहिलं आणि इमारतीत, कंपनीत, मंडळात सगळ्यांना सांगून टाकलं की येताना तुमचा वाटा आणतो. वॉचमनलासुद्धा. मांस असं देशाबाहेर आणता येत नाही हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्यासुद्धा. पास्कलने फक्त खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "यात त्याचं नाक बसेल."

पण खरी काळजी वेगळी होती. मोठ्या नराचा परवाना सोडतीने मिळतो. पहिल्या वर्षी नाव लागलं नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. मध्येच त्यांच्या हृदयात एक स्टेंट बसला. कंपनी साठीनंतर त्यांचा व्हिसा एकेक वर्ष वाढवून देत होती, आणि दर वर्षी आम्ही दोघं धरून चालत होतो की हे शेवटचं. व्हिसा संपला की गावी जायचं, मग पुन्हा कॅनडा कुठला. डॉक्टरांनी थंडी आणि ओझं दोन्हींना मनाई केली. आजोबांनी त्यांना विचारलं, कोल्ड स्टोरेजमध्ये बसलं तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, ती तर तुमची नोकरी आहे. "मग झालं तर," म्हणाले आणि उठले. तिसऱ्या वर्षी समीरचं नाव लागलं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच महिन्यात ठरल्याने मी गेले नाही. खरं सांगायचं तर डोळ्याचं निमित्त करून तिकिटाचे पैसे वाचवले, आणि ते त्यांनाही कळलं होतं.

रानात काय झालं ते आजोबांनी मला अर्धंच सांगितलं. उरलेलं समीरने सांगितलं, इथे, या टेबलाशी, सगळं आटोपल्यावर. पहिले दिवस नुसता पाऊस. आजोबा पहाटे पुंगळी घेऊन आवाज काढायचे आणि रान गप्प. परत येऊन सगळ्यांना पिठलं-भात करायचे. ग्लेनला पिठलं इतकं आवडलं की त्याने त्याचं नाव पाठ केलं. शेवटच्या सकाळी पाऊस थांबला. आजोबांनी एकदाच आवाज काढला आणि लांबून उत्तर आलं, खोल, ढेकर दिल्यासारखं. समीर म्हणाला, "आई, बाबांनी माझा दंड इतका घट्ट धरला की मला तोच दुखत होता, भीती वाटायलाच जागा नव्हती." झाडं हलली आणि तो बाहेर आला. बंदूक समीरच्या हातात होती. त्याने ती ग्लेनकडे दिली. ग्लेनने एकच गोळी घातली. नंतर समीर आजोबांची माफी मागू लागला, तीन वर्षं थांबून मी ऐनवेळी... आजोबा म्हणाले, "अरे, आमच्या वाडीत बंदूक एकाचीच असायची. शिकार सगळ्यांची." मग टोपी काढून त्या जनावराच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसले. आणि उठल्यावर बाह्या सरसावून सुरी मागितली. ग्लेनने विचारलं हे कुठे शिकलात, तर म्हणाले, "ऑन कॅमल."

पुढचं तुमच्या गॅरेजमधलं, ते तुम्हाला माहीत आहे, पण त्याचा अर्थ माहीत नसेल. आजोबांनी पाकिटांचे सारखे ढीग मांडले आणि जाई, तुला पाठ करून उभं केलं. त्यांच्या वाडीत असंच करत. चांगला तुकडा कुणाला गेला यावरून भांडण नको म्हणून एका पोराला उलटं उभं करायचं, एकाने ढिगावर बोट ठेवून "हा कुणाचा?" विचारायचं, पोराने न बघता नाव घ्यायचं, आणि घेतलेलं नाव बदलायचं नाही. तू ग्लेनचं नाव घेतलंस, बाबांचं घेतलंस, ईशानचं घेतलंस. मग सगळ्यात मोठ्या ढिगाला म्हणालीस, "आजी." ईशानने लगेच हरकत घेतली, "आजी इज व्हेजिटेरियन! शी वॉज नॉट ईव्हन देअर!" समीर म्हणतो, आजोबा त्यावर हसले नाहीत. म्हणाले, "घरी राहिलेल्यांचा वाटा असतोच. घर कुणीतरी राखलं म्हणून बाकीचे रानात गेले." आणि तुमच्यासमोर पाकिटांवर नाव लिहिलं.

इथे ते रिकामी थर्मोकोलची खोकी घेऊन उतरले. इतक्या लोकांना शब्द दिलेला. दुसरा कुणी असता तर महिनाभर तोंड चुकवलं असतं. यांनी पुढच्याच शुक्रवारी सगळ्यांना घरी बोलावलं, पास्कलला कामाला लावलं, उंटाच्या मांसाचं सुकं केलं, आणि दारातच प्रत्येकाला सांगितलं की मूस कॅनडात राहिला, हा त्याचा इथला भाऊ. वॉचमन दोनदा वाढून घेऊन गेला. तो परवा मला म्हणाला, साबनी सांगितलेलं जनावर मी खाल्लं आहे. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

गेल्या रविवारी जाई, तू फोनवर विचारलंस की फ्रीझरमधली ती आजीची पाकिटं कुणाला द्यायची का, बाबांना जागा हवी आहे. मी तेव्हा "बघते" म्हटलं. आता नीट उत्तर देते. देऊ नका. व्हिसा संपवून, घर आवरून मी मे महिन्यात तुमच्याकडे येते आहे. सुक्या खोबऱ्याचं वाटण इथूनच भाजून आणीन, त्याला कुणी अडवत नाही. शिजवीन मीच. एवढी वर्षं रस्सा उकळला की आजोबा ओट्याशी येऊन तळहात पुढे करायचे, मी त्यावर पळीतला एक थेंब टाकायची आणि ते सांगायचे, मीठ हवं की पुरे. न चाखता मी सगळा संसार रांधला तो त्या एका हातावर. मी अजूनही गॅसशी उभी असले की डावीकडे थोडी जागा सोडून उभी राहते.

तुमच्या स्वयंपाकघरात मात्र या वेळी मीठ मलाच बघावं लागेल... बघेन.