लातुरातलं मस्कत

जगातली सगळी माणसं दिवसातून केव्हा ना केव्हा, कुठे ना कुठे बसतात. आमचा मेहुणा कुठेच बसत नाही. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, त्यामुळे हे मी तिच्या देखत म्हणत नाही, पण तो जेवायला पाटावर टेकला तरी त्याचा एक गुडघा उठायच्या तयारीत असतो. चहा तो उभ्याने पितो, पेपर चालता चालता वाचतो, आणि सिनेमाला गेला तर मध्यंतरापर्यंत थिएटरच्या मागच्या भिंतीला टेकून, ती भिंत किती इंची असेल याचा विचार करत असतो. त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे, मुरूडच्या पेठेत भुसार मालाचं दुकान चालवायचे आणि सकाळी कपाळाला विभूती लावून गादीवर जी मांडी घालायचे ती दिवे लागल्यावरच मोडायचे. बापाचं बसणं आणि लेकाचं उभं राहणं कुणी एकत्र करून निम्मं निम्मं वाटलं असतं, तर त्या घरात दोन बऱ्यापैकी माणसं तयार झाली असती.

नांदेडहून तो बांधकामाचा इंजिनिअर होऊन आला तोच मुळी चप्पल न काढता. भिंत दिसली की बोटाच्या पेराने ठोकून बघायची आणि जमीन दिसली की तिच्यावर सुपारी सोडून उतार कुठे आहे ते बघायचं, हे त्याचे तेव्हाचे दोन नाद. आमच्या लातूरच्या भाड्याच्या घरात त्याने ओळंबा लावला आणि घरमालकांना बोलावून सांगितलं, "काका, तुमची भिंत वाकलीय. बघा, मी काही मनाचं सांगत न्हाई, ओळंबा सांगतोय." घरमालक त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाहेरच्या खोलीतला माझा दाढीचा आरसासुद्धा त्याच्या मते तिरका होता. तो त्याने सरळ केला, आणि तेव्हापासून मला दाढी करताना मान तिरकी ठेवावी लागते.

अशा माणसाला मुरूड पुरणार नव्हतंच. लातूर नवा जिल्हा झाला होता, जागोजागी कचेऱ्यांचे पाये खोदले जात होते, इंजिनिअरला इथेच काम मिळालं असतं. पण त्याच्या वर्गातला कुणी मस्कतला गेला आणि याच्या पायाखाली निखारे पडले. मुंबईच्या एजंटाकडे पासपोर्ट गेला. मग हा भर उन्हात, उघड्या डोक्याने, गच्चीवर येरझारा घालू लागला. का, तर तिकडच्या उन्हाची सवय व्हावी. पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता आणि मांजरा नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. माझी बायको म्हणायची, "तिकडचं ऊन इथल्यापरीस काय येगळं आसणार हाय रे? वाळवंटच बघायचं तर नदीवर जाऊन ये की." यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "अक्का, तिथं काम हाय!"

व्हिसा आल्यात जमा आहे असं एजंटाने कळवलं आणि मुरूडला जी धांदल उडाली ती मी अजून विसरलेलो नाही. गावातला परदेशी निघालेला हा पहिला मुलगा. घरोघरी जेवणं झाली, टॉवेल-टोप्यांचा ढीग लागला, बसस्टँडपर्यंत हलगी वाजली. गावातल्या पेंटरने त्याच्या नव्या ट्रंकेवर ऑइलपेंटने नाव लिहिलं आणि खाली, नावापेक्षा मोठ्या अक्षरात, 'मस्कत'. चौकात सत्कार झाला. सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भाषण केलं. ते एवढंच होतं, "पोरगं चाललंय. तुम्ही समदे आलात, लई बरं वाटलं." बोलून झाल्यावर ते खाली बसायचं विसरले आणि बस दिसेनाशी होईपर्यंत उभेच होते.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. सकाळी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली. दारात तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस, आणि त्याच्या पायाशी ट्रंक. तिच्यावर 'मस्कत'.

"दाजी, आधी आत घ्या," टॉवेल म्हणाला.

झालं होतं असं की तिकडच्या कंपनीचं काम पुढे ढकललं गेलं होतं. एजंट म्हणाला, काम सुरू झालं की व्हिसा येईल, तोवर थांबा. फसवाफसवी काही नव्हती, पण थांबणं हाच तर आमच्या मेहुण्याला न जमणारा प्रकार! मुंबईत राहणं परवडेना, आणि मुरूडला कोणत्या तोंडाने जाणार? "दाजी, हलगी वाजलीय माझ्यापुढं," तो म्हणाला. "आप्पांनी भाषण केलंय. आता मी परत गेलो तर आप्पांना दुकानात बसणं मुश्किल करतील लोक." आणि दुकानात बसण्यावाचून आप्पांना दुसरं काही येत नव्हतं. तेव्हा आम्ही तिघांनी मिळून ठरवलं, की खरा व्हिसा येईपर्यंत त्याने आमच्या घरी लातुरात राहायचं आणि मुरूडच्या हिशेबी मस्कतला असायचं. ट्रंकेवर सतरंजी टाकली आणि मस्कत झाकलं.

या बेतात एकच खोट होती, आणि ती सरकारने करून ठेवली होती. पूर्वी मुरूडच्या माणसाला जिल्ह्याचं काम निघालं की तो उस्मानाबादला जायचा. आता जिल्हा लातूर! सकाळच्या बसने निम्मं मुरूड लातुरात उतरायचं. कुणाला कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचा, कुणाला कोर्टाची तारीख, आणि काहींना काहीच काम नाही, नवा जिल्हा कसा दिसतो ते बघायचं. काम झालं की, किंवा बहुधा न झालं की, बसची वेळ होईतो ही मंडळी हक्काने आमच्या घरी पाणी प्यायला यायची. पायरीवर चप्पल वाजली की मेहुणा स्वयंपाकघरात ज्वारीच्या कोठीमागे जायचा. पाहुणे विचारायचे, "काय म्हणतोय मस्कतवाला?" मी म्हणायचो, मजेत आहे. कोठीमागे तो मजेत नव्हता, कारण तिथे येरझारा घालायला जागा नव्हती. "जिल्हा उस्मानाबादलाच ऱ्हायला आसता तर काय बिघडलं आसतं?" असं म्हणणारा, आख्ख्या लातूर तालुक्यातला तो एकटाच माणूस असावा.

शेवटी तो एका कंत्राटदाराकडे कामाला लागला. एका सरकारी इमारतीचा स्लॅब टाकायचा होता. बांधकामावर सगळेच तोंडाला टॉवेल बांधतात, त्यामुळे तिथे तो सुखरूप होता. पण स्लॅब टाकल्यावर त्याला कित्येक दिवस ओला ठेवावा लागतो, नाहीतर तडे जातात. आणि लातुरात तर प्यायला पाणी नव्हतं. बांधकामाचा टँकर आला की शेजारच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन येऊन उभ्या. कंत्राटदार म्हणाला, त्यांना हाकला. मेहुण्याने हाकललं नाही. त्याने स्लॅबवर पोती अंथरली, ती भिजवली की पाणी उडून जात नाही आणि थोडक्यात भागतं. उरलेल्या पाण्यातून तो बायांच्या घागरी भरू लागला. बदल्यात बाया पोती शिंपून द्यायच्या. हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनवाणी हिंडत पोत्याला पाय लावून ओल बघायचा. त्या दिवसांइतका खूश मी त्याला पुढे कधी पाहिला नाही. व्हिसाची आठवणही तो दिवसातून फार तर दोनदा काढायचा.

एके दिवशी घाम पुसायला त्याने टॉवेल सोडला आणि घागरींच्या रांगेतली एक बाई ओरडली, "आगं बया! तू तर इमानात बसला होतास की रं!" ती मुरूडची लेक होती, लातुरात दिलेली. याने हातापाया पडून तिच्याकडून वचन घेतलं, की गावात एक अक्षर काढायचं नाही. तिने ते पाळलंही. नागपंचमीला माहेरी गेली तेव्हा गावात एक अक्षर काढलं नाही; फक्त माझ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

पंचमीच्या मागोमाग सासरे आमच्या घरी आले. दुकान सोडून ते कधी कुठे जात नसत. मेहुणा कोठीमागे. सासऱ्यांनी बाहेरच्या खोलीत मांडी घातली, डबा पुढे सरकवला आणि स्वयंपाकघराच्या पडद्याकडे तोंड करून, दुकानात माल घ्यायला आलेल्या बहिऱ्या गिऱ्हाइकाशी बोलावं इतक्या मोठ्याने मला म्हणाले, "जावईबापू, तिकडं मस्कतला ऊन लई आसतंय म्हणं. डोस्क्याला बांधून हिंड म्हणावं त्याला. आन् वक्ताला जेव म्हणावं. काम काय पळून जात न्हाई."

आत भांडं पडलं.

"मांजर हाय आप्पा," बायको म्हणाली.

"हाव, मांजरच आसंल," सासरे म्हणाले. "त्येला बी टायमावर खायला घालत जा, माय."

निघताना ते मला पायरीवर घेऊन गेले आणि अगदी हळू म्हणाले, "मला कळालंय हे त्याला कळू देऊ नका. लाजंल बिचारा. गावात कुणी इचारलं तर मी सांगूनच राहिलोय, पोरगं मस्कतला हाय म्हणून." मी तसं वचन दिलं, आणि आत येऊन डबा उघडून बघितला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. शेंगदाण्याने मला पित्त होतं हे माझ्या सासरवाडीत लहान पोरालाही माहीत होतं. म्हणजे सासूबाईंनाही कळलं होतं.

त्यानंतर सासरे दर बाजाराला यायचे, पडद्याशी बोलायचे आणि डबा ठेवून जायचे. मेहुणा कोठीमागून निघाला की मला म्हणायचा, "दाजी, आप्पा किती भोळे हायेत! त्यांना वाटतं मी खरंच तिकडं हाय." आणि पुन्हा येरझारा. मी डब्याचं झाकण काढून त्याच्यापुढे धरायचो. सासऱ्यांना वचन दिलं होतं.

शेवटी व्हिसा आला. निघायची वेळ संध्याकाळची. ट्रंकेवरची सतरंजी निघाली, बायकोने त्याच्या हातावर दही ठेवलं, आणि नेमकी पायरीवर चप्पल वाजली. सासरे! त्यांना निरोप कुणी दिला ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. माझी बायको आठवडाभर माझी नजर चुकवत होती, एवढं खरं. मेहुणा ट्रंकेसकट कोठीमागे पळाला. आता पंचाईत अशी की घराला दार एकच, आणि ते बाहेरच्या खोलीतून. बसची वेळ झालेली. बाप खोलीत, लेक कोठीमागे, कुणीच हलेना.

सासरे थोडा वेळ उभे राहिले. बसले नाहीत. मग माझ्या त्या आरशासमोर जाऊन, दाराकडे पाठ करून, डोक्यावरची टोपी नीट करू लागले. डावीकडे केली, उजवीकडे केली, काढली, झटकली, पुन्हा घातली. मी पडदा बाजूला केला. मेहुणा ट्रंक घेऊन पावलं न वाजवता बाहेर आला, बापाच्या मागे थबकला, खाली वाकला आणि हात पायांना न लावता पायांजवळच्या फरशीला लावून कपाळाला नेला. सासरे टोपी नीट करत होते. तो पायरी उतरून दिसेनासा झाला तेव्हा ते आरशाशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी कुणाला बघितलं न्हाई बरं का. गावात खोटं बोलायचं न्हाई मला."

बस गेल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं, सगळं प्यायले, आणि रिकामा तांब्या खाली ठेवत म्हणाले, "लई वाळलाय वो."

पुढे तो मस्कतला स्थिरावला. म्हणजे तिकडे उभा राहिला. दोन-तीन वर्षांनी यायचा, तिसऱ्या दिवशी परतीचं बोलायचा. सासरे गेले तेव्हा त्याला वेळेवर पोहोचता आलं नाही. दिवसकार्य झाल्यावर तो आमच्याकडे आला. आता चांगला जाडजूड झालेला, पण सवयीने खोलीभर हिंडत होता, भिंती ठोकत होता. आरशापाशी येऊन म्हणाला, "दाजी, हा परत तिरका झाला. आप्पांना त्या दिवशी ह्यात टोपी दिसत नसंल, म्हणून तर इतका वेळ लागला त्यांना. बरं झालं, मी निसटलो."

आता वचन पाळण्यात काही अर्थ राहिला नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं. पंचमीचं, डब्याचं, मांजराचं. आणि बस गेल्यावर ते काय म्हणाले तेही सांगितलं.

तो आरशासमोरून मागे सरकला, आणि जिथे त्याचे वडील मांडी घालायचे तिथे, जमिनीवर, हळूच बसला. बायकोने चहा आणून ठेवला, तो निवला. मुरूडची बस गेली, त्यानंतरचीही गेली. तो उठला नाही.