घाटातली टिकटिक

मिस्त्रींनी माझ्या तळहातावर गाडीचा पिस्टन ठेवला. त्याच्या माथ्याला आरपार भोक पडलं होतं, करंगळी जाईल एवढं.

"घाटात आवाज येत असेल," ते म्हणाले. "डब्यात खडे वाजल्यासारखा. कधीपासून?"

"बरीच वर्षं," मी म्हणालो. तो आवाज मला आवडायचा, हे मात्र बोलवेना. माझ्या जुन्या गाडीची ती ऐट वाटायची मला. चढ लागला की मी सगळ्यांना गप्प करून तो ऐकवायचो.

"या इंजिनात दाब मोठा आणि तुम्ही भरता साधं पेट्रोल. ते वेळेआधीच भडकतं आणि पिस्टनवर घाव बसतात. तेच वाजत होतं."

मी त्या भोकातून खालची फरशी बघत राहिलो. ज्याचं कौतुक मिरवलं, तो मार होता. आवडत्या आवाजाला माणूस कधी विचारत नाही, तुला काय होतंय म्हणून.

मिस्त्रींनी पिस्टन बदलला, आतली काजळी खरवडली, ठिणगी किंचित उशिरा पडेल अशी बेतली आणि यापुढे भारी पेट्रोलच भरायचं, अशी तंबी दिली.

रविवारी बायकोला घेऊन घाट चढलो. गाडी निमूट चढत होती. त्या शांततेत शेजारून बारीक घरघर ऐकू आली. नलू छातीवर हात दाबून तोंडाने श्वास घेत होती.

"हे कधीपासून?"

"बरीच वर्षं," ती म्हणाली. "घाटात तुम्ही गप्प बसायला सांगायचात ना."