त्या सीटवर बसून दाखवा

ही केस मी मरेपर्यंत विसरणार नाही. ज्यांनी मला ती विसरायला सांगितली, त्यांनीही हे जरूर वाचावं.

तेव्हा मी वरळी भागातल्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. एका रविवारी सकाळी रस्ता झाडणाऱ्या एका बाईंना भरधाव पांढऱ्या गाडीने उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. गाडी शोधायची वेळ आमच्यावर आलीच नाही. दुपारी एका बड्या घराण्याचा वकील गाडी आणि ड्रायव्हर, दोन्ही आमच्या दारात उभे करून गेला. गाडी दोन दारांची, जपानी, शर्यतीसाठी मुद्दाम बनवून घेतलेली. ती त्या घरातल्या मुलाची. ड्रायव्हर बीडीडी चाळीतला, पन्नाशीचा, अंगाने चांगलाच भरलेला. मालकाच्या मुलाची गाडी आपणच न विचारता चक्कर मारायला काढली, असा त्याचा जबाब आमच्या उपनिरीक्षकाने लिहूनही घेतला. तिसऱ्या दिवशी बाई इस्पितळात वारल्या.

आरोपी अटकेत, वाहन जप्त, जबाब तयार. वरून शाबासकीचा फोन आला. मला मात्र ते पचेना. धडक देऊन पळालेला माणूस आधी कुठेतरी दडून बसतो, मग खोटं बोलतो, मग रडतो. हा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि शाळेतली कविता म्हणावी तसा जबाब बोलून मोकळा झाला. त्यात, समोरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी जोरात नेल्यामुळे ताबा सुटला, असं एक वाक्य होतं. मी अंगणात जाऊन गाडी पाहिली. तिच्या पोटाखाली माझा बूटसुद्धा जेमतेम जात होता. ही स्पीडब्रेकरवरून जोरात गेली असती तर पुढचा अर्धा भाग तिथेच राहिला असता.

चौथ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. फोन मीच उचलला. माणूस एवढंच म्हणाला, "सायबानू, तो ड्रायव्हर ती गाडी चालवूक शकणा नाय." आणि फोन ठेवला. गाडीच्या इंजिनाजवळ गॅरेजची एक छोटी पट्टी होती. तिच्यावरून मी कॉटन ग्रीनच्या एका गोदामात पोहोचलो. तिथला मिस्त्री करी रोडचा, मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. त्याने तोंड उघडताच मी फोनवरचा आवाज ओळखला, पण मी तसं दाखवलं नाही.

आधी तो ताकास तूर लागू देईना. गिऱ्हाइकाचं बोलणार नाही, म्हणाला. मग मी गुन्ह्याचा विषयच सोडला. तिथे आणखी दोन जपानी गाड्या उघडून ठेवल्या होत्या. मला स्कूटरपलीकडे काही कळत नाही, जरा समजावून सांग, म्हटलं. कामात मुरलेल्या माणसाला कामाबद्दल विचारावं, तो आपोआप बोलतो. तो अर्धा तास थांबला नाही. एक गाडी ड्रॅगची, म्हणजे सरळ रेषेत, पाव मैलापुरती. मागची चाकं रुंद, पुढची बारीक, ताकद अफाट, पण वळणावर तिचा काही उपयोग नाही. दुसरी रस्त्यावरची. ताकद बेताची वाढवलेली, स्प्रिंगा नरम, खड्डे सोसणारी, मागे आईला बसवून देवळात नेता येईल अशी. आणि तुमच्या अंगणातली सर्किटची, म्हणजे वळणावळणाच्या शर्यतीच्या ट्रॅकवरची, म्हणाला. वळणावर जमिनीला चिकटून राहते, ब्रेक तापल्याशिवाय धड लागत नाहीत, स्पीडब्रेकरवरून तिरकी, गोगलगायीच्या चालीने न्यावी लागते.

"मग ती ड्रायव्हरने कशी नेली?" मी विचारलं.

तिथे त्याचा संयम सुटला. आपल्या हातच्या गाडीबद्दल कुणी असं बोलतं हे त्याला सहन झालं नाही. "साहेब, रस्त्याची गाडी कुणीपण चालवेल. सर्किटची एकाच माणसाची असते. सीट मापाची केलीय मी त्याच्या."

त्याने पद्धत सांगितली. फायबरच्या खोलगट सीटमध्ये पिशवी ठेवायची, तिच्यात फुगणारं रसायन ओतायचं आणि गिऱ्हाइकाला वर बसवायचं. ते घट्ट झालं की त्याच्या पाठीचा, मांड्यांचा साचा तयार. सीट मागेपुढे सरकत नाही, जमिनीला बोल्टने पक्की. मुलाला त्याने तासभर तसंच बसवून ठेवलं होतं आणि त्याचा व्हिडिओ मिस्त्रीच्या मोबाइलमध्ये होता. त्या घरच्यांची चूक इथेच झाली. त्यांच्या लेखी ड्रायव्हर म्हणजे ड्रायव्हर, कुठल्याही गाडीत बसवा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दोन पंचांसमोर, चित्रीकरण करत मी ड्रायव्हरला म्हटलं, त्या सीटवर बसून दाखवा. कंबर सीटच्या दोन्ही कडांवर अडकली. अंग खाली जाईना, पाय क्लचपर्यंत पोहोचेना. दोनदा प्रयत्न करून तो तसाच अर्धवट लोंबकळत राहिला आणि रडायला लागला. मला त्याची दया आली आणि स्वतःचा संताप. पंचनामा मी माझ्या हाताने लिहिला.

मग फोन सुरू झाले. एका सीटवरून केस फिरवताय का, असं विचारलं गेलं. होय, म्हटलं, फिरवतोय, हवं तर लेखी आदेश पाठवा. लेखी आदेश कुणी देत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या इमारतीच्या कॅमेऱ्यात त्या रविवारी सकाळी मुलगा त्याच गाडीतून उतरताना मिळाला, मिस्त्रीने जबाब दिला, मुलाला अटक झाली आणि ड्रायव्हर सुटला. पंधरा दिवसांत माझी बदली कोपऱ्यातल्या एका शाखेत झाली. तिथूनच निवृत्त झालो. मला त्याची लाज नाही आणि दुःखही नाही. पुन्हा तीच गाडी अंगणात आली तर पुन्हा तेच करीन.

खटला अजून चालू आहे. मागच्या तारखेला ड्रायव्हर साक्षीला उभा होता. वीस वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं ते समोरच बसले होते. त्यांच्या वकिलाने आवाज चढवून विचारलं, पोलिसांपुढे खोटं का बोललात?

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, गाडी कोण चालवत होतं, हे मला घरी कोणी विचारलं नाही. ठाण्यातपण नाही विचारलं. तूच चालवत होतास, असं सांगितलं. मी हो म्हटलं."

ते ठाणं माझं होतं. तो जबाब माझ्या सहीने पुढे गेला होता. मालकांनी त्याला आरोपी केलं हे मी उघड केलं, पण आधी आम्हीच त्याला काही विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. आम्ही त्याला काही विचारलंच नव्हतं, हे मी तिथे स्वतःहून सांगणार आहे, कुणी विचारो वा न विचारो.