नळाच्या पाण्याला जळक्या वायरीचा वास

भूतखेत, करणी, बाहेरचं... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोकपणे म्हणणार नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचो आणि हसायचो. माझं कामच तसं आहे ना — अंधेरीला एमआयडीसीत एका लॅबमध्ये मी पाण्याचे सॅम्पल तपासतो. पाण्याला वास आला तर त्याला कारण असतं आणि ते तपासणीत सापडतं, हे मी रोज लोकांना सांगतो.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. जुनी, चार मजल्यांची बिल्डिंग, तिसरा मजला, वन बीएचके. मी, माझी बायको मंजिरी आणि आई. मंजिरीला तेव्हा सातवा महिना लागला होता.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अजित, हयसर ये रे! पाण्याक कसलो वास येता बघ."

मी पेला नाकाशी धरला. वायर जळल्यावर येतो ना, रबर आणि प्लास्टिक करपल्याचा, घशात बसणारा... तसा वास. मी पहिल्यांदा स्विचबोर्डच हुंगले. मग आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन शेखर याला बोलावलं. त्याने घरातला एकेक बोर्ड उघडून बघितला. वायरिंग ठणठणीत. मग त्याने बेसिनचा नळ सोडला, ओंजळ नाकाशी नेली आणि झटकलीच.

"साहेब, वास तर पाण्यालाच आहे. पण पाण्यात वायर कशी जळणार?"

सोसायटीला सांगून टाकी धुऊन घेतली. त्याच टाकीचं पाणी शेजारच्या डिसोझा आंटींकडे येत होतं, त्यांच्याकडे काहीच नाही. त्या आमच्याकडे आल्या, नळाशी वाकल्या आणि नाकाला पदर... म्हणजे ओढणी लावून बाहेर गेल्या. म्हणजे भास नव्हता. आमच्याच घरात, आमच्याच नळांना.

मी सॅम्पल भरून लॅबमध्ये नेलं. बाटली उघडली — वास नाही. सहकाऱ्याला दिली, त्यालाही नाही. सगळ्या टेस्ट लावल्या, रिपोर्ट एकदम क्लीन. तीच बाटली घरी परत आणली, ओट्यावर ठेवून झाकण उघडलं... आणि वास आला. तेच पाणी!

इथून पुढे आमची वाट लागली. मंजिरीला पाणी घशाखाली उतरेना. विकतच्या पाण्याचे जार आणले, पण भांडी, कपडे, तोंड धुणं — प्रत्येक नळ सोडला की घरभर तो वास आणि तिला उलट्या. ती सुकत गेली. शेवटी एक दिवस चक्कर येऊन पडली. नर्सिंग होममध्ये सलाइन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाल्या, "शरीरात पाणीच नाहीये हो हिच्या. बाळाला हे चालणार नाही." मी पाण्याचा माणूस... आणि माझ्या बायकोच्या अंगात पाणी नव्हतं.

माहेरी बोरिवलीला जा म्हटलं, तर प्रवास नको म्हणून डॉक्टरांनीच अडवलं. ती डिसोझा आंटींकडे आंघोळीला जायला लागली. मी फिल्टर बदलले, नळ बदलले, प्लंबरकडून लाइन धुऊन घेतली. वास हलला नाही. आईने गावी, कणकवलीला फोन करून देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. मी चिडलो नाही. खरं सांगू? मला बरंच वाटलं.

त्याच दिवसांत सासऱ्यांनी गिझर पाठवला. आमच्याकडे गिझर नव्हता, आम्ही गॅसवर पाणी तापवायचो. बाळ येणार, थंडीचे दिवस, म्हणून प्रेमाने पाठवला. दुकानाचा माणूस आला. त्याने बाथरूमच्या भिंतीत खाच पाडून नवीन वायर टाकली, वर सिमेंट लिंपलं, थोडा वेळ चालू करून लाल दिवा दाखवला आणि गेला. नंतर तो कुणी लावलाच नाही. त्या बाथरूममध्ये आंघोळ करायची कुणाची इच्छाच नव्हती.

रविवारी डिसोझा आंटी गावाला गेल्या. त्यांच्या घराला कुलूप. मी मंजिरीला म्हटलं, "आज घरीच कर ना गं. गिझर लावतो, गरम पाण्याने वास कमी होईल कदाचित."

ती टॉवेल घेऊन बाथरूमच्या दारापर्यंत आली आणि थांबली. माझं बोट गिझरच्या स्विचवर होतं.

"अजित, नको. आज खूप येतोय... नळ बंद असून येतोय."

"मंजू, रिपोर्ट क्लीन आहे गं! पाण्यात काही नाहीये. किती दिवस असं चालणार?"

ती तिथेच, दाराच्या चौकटीला धरून खाली बसली आणि रडायला लागली. "मी हात जोडते तुला. मला आत पाठवू नकोस. ही भिंत फोड, पाईप काढ, काय ते कर... पण मला आत पाठवू नकोस."

मी हात मागे घेतला. प्लंबरला फोन केला, म्हटलं सगळे पाईप उखडून टाक. तो दुपारी आला. जुने लोखंडी पाईप भिंतीत होते. नळाच्या वर छिन्नी चालवता चालवता तो थांबला.

"दादा, हे बघा."

गिझरची नवी वायर पाईपला चिकटवूनच नेली होती. गिझर टांगायचा खिळा तिच्यातून आरपार गेला होता. वायरचं रबर वितळून पाईपवर काळं पसरलं होतं, आतली तांब्याची तार पाईपला टेकली होती.

शेखर आला. सगळ्यांना लांब उभं केलं, गिझरचा स्विच लावला आणि नळाला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला. त्याने स्विच बंद केला आणि म्हणाला, "अर्थिंग पण नाहीये साहेब. वहिनी ओल्या पायांनी नळाला हात लावत्या ना..."

आईने मंजिरीला जवळ ओढलं. मी भिंतीला टेकून उभा होतो.

शेखरने वायर काढून टाकली. पाईप बदललेच नाहीत, तेच जुने ठेवले. संध्याकाळी आईने नळ सोडला, ओंजळ हुंगली, पुन्हा हुंगली. वास गेला होता. मंजिरीने त्याच नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं प्यायली.

मित्र म्हणतात, कारण सापडलं की! वायर जळत होती, वास येत होता, संपलं. मीही पहिल्यांदा तसंच म्हणालो. मग शेखरनेच जाता जाता विचारलं, "पण साहेब, तुम्ही मला पहिल्यांदा बोलावलं, तेव्हा ही वायर कुठे होती?"

कुठेच नव्हती. ती वायर भिंतीत यायच्या कितीतरी आधीपासून तिचा जळका वास आमच्या पाण्याला येत होता. गिझर घ्यायचं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

यावर मी खूप डोकं फोडलंय. वास आधी आणि जळणं नंतर, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही. आई म्हणते देवाने राखलं, मंजिरी या विषयावर बोलतच नाही. आमची मुलगी आता घरभर रांगते. मी रोज लॅबमध्ये जातो, लोकांच्या पाण्यातली कारणं शोधून देतो. माझ्या घरच्या पाण्याचं मात्र मला आजही सांगता येत नाही. एवढंच ठरवलंय — तो वास पुन्हा कधी आला, तर काहीही तपासत बसायचं नाही. तिघींना घेऊन आधी घराबाहेर पडायचं.