राजपुत्र विरुद्ध नावाडीण

समोरचा कितीही तावातावानं बोलत असो, जजबाई डब्यातला वरण-भात कालवत शांतपणे एवढंच विचारायच्या, "पान?" पुस्तकातलं पान सांगता आलं नाही, की आमच्या लाडक्या योद्ध्याची तलवार, ढाल, घोडा, सगळं बाद.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही चार-पाच देशी आणि डेव्ह नावाचा अमेरिकन इंजिनिअर दुपारी एकाच टेबलावर जेवत असू. डेव्हनं आम्हाला एका अद्भुत कादंबरीमालिकेचं व्यसन लावलं. सात जाडजूड खंड. राजे, जादूगार, ड्रॅगन, काही विचारू नका. पुस्तकं हातोहात फिरत आणि त्यांच्या पानांवर लोणच्याचे डाग पडत. कथेत जे कधी समोरासमोर आलेच नाहीत अशा दोन योद्ध्यांची झुंज लावायची आणि कोण जिंकेल यावर भांडायचं, हा आमचा रोजचा उद्योग. शेवटचा शब्द जजबाईंचा. त्या नागपूरच्या, आमच्यात एकट्याच बाई, आणि कामाला टेस्टिंगमध्ये. चिप पास की फेल हे ठरवण्यातच त्यांचा दिवस जायचा, त्यामुळे हे पद त्यांच्याकडे निवडणुकीशिवाय चालत आलं.

त्यांचे नियम कडक होते. लेखकानं 'अजिंक्य' म्हटलं म्हणून कुणी अजिंक्य ठरत नसे. "भविष्यवाणीला मार्क नाहीत. बापाच्या तलवारीला मार्क नाहीत. कुळाला तर नाहीतच. त्यानं स्वतः काय केलं ते सांगा." डेव्हच्या आवडत्या उत्तरेकडच्या सरदाराला त्यांनी एका म्हाताऱ्या स्वयंपाक्याकडून हरवलं, कारण सरदाराच्या सगळ्या लढाया त्याच्या शिपायांनीच मारल्या होत्या. डेव्ह दोन दिवस रुसला. "जज, यू हॅव नो हार्ट," तो म्हणाला. "हार्ट आहे. यू हॅव नो एव्हिडन्स," बाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटलीत एक शंकरपाळा ठेवला.

निकालात त्या जितक्या कोरड्या, तितक्याच घरी मायाळू. रविवारी त्यांच्याकडे वडाभात असायचा. दाराजवळच्या फडताळावर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि खाली जागा मिळेल तिथे पुस्तकं. त्या आठवड्यात झुंज हरलेल्याच्या पानात पहिल्यांदा वाढायच्या. "ज्याचं दुःख ताजं, त्याला आधी गरम," म्हणायच्या. मी बऱ्याचदा हरायचो. वडाभातासाठी हरतो असा माझ्यावर आरोपही झाला.

पण एक झुंज मला जिंकायचीच होती. एका बाजूला राजपुत्र ओरविन, माझा हिरो. दुसऱ्या बाजूला टिला, नदीवर होडी चालवणारी एक बाई, जी वल्ह्यानं भल्याभल्यांना लोळवायची. डेव्ह टिलाचा वकील. त्यानं पानांमागून पानं काढली. मी सांगे ते सगळं जजबाई बाद करत गेल्या. झळाळती तलवार बाद, जन्माच्या वेळचा धूमकेतू बाद. शेवटी माझा तोल गेला. "अहो जजबाई, काही गोष्टी रक्तातच असतात. राजाच्या मुलाला तलवार शिकवावी लागत नाही. नावाड्याच्या पोरीनं कितीही हात मारले तरी ते येत नाही."

माझ्या तोंडून काय गेलं ते मला बाईंचा चेहरा पाहून कळलं. मी जातीबद्दल बोललो नव्हतो, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावलं. पण बोललो होतो ते तेच.

बाईंनी डबा बंद केला. "कुलकर्णी, आता एक जोड मी लावते. तुम्ही विरुद्ध मी. तुमचे आजोबा वकील. माझे आजोबा गावाबाहेर राहायचे, अंगठा लावायचे. निकाल तुम्ही द्या. घाई नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या टेस्टिंगच्या खोलीतच जेवू लागल्या. झुंजी बंद पडल्या. डेव्हला नीटसं कळलं नव्हतं, तरी त्यानं मला बजावलं, "फिक्स इट, मॅन." नुसतं सॉरी म्हणायला मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि शेपूट घालून परत आलो. नुसत्या शब्दाला बाई काय विचारतील, हे मला ठाऊक होतं.

मग मी सातही खंड पुन्हा काढले. महिनाभर वाचत होतो. पाचव्या खंडात एक प्रसंग सापडला, जो आम्ही सगळ्यांनीच घाईघाईत उरकला होता. ओरविन वेष पालटून, कुणाची तरी बोथट तलवार मागून घेऊन एकटा पूल अडवतो. तो कोण हे तिथे कुणालाच माहीत नसतं. ते पान घेऊन मी टेस्टिंगच्या खोलीत गेलो. आधी म्हणालो, "माझं चुकलं. फार चुकलं." मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी तो प्रसंग दोनदा वाचला आणि निकालांच्या वहीत लिहिलं: ओरविन विजयी.

मी चाट पडलो. "मला टिला जिंकायला हवी होती," बाई म्हणाल्या, "पण हे त्यानं स्वतः केलंय. आणि दुसऱ्या जोडीचं काय?"

"तुम्ही जिंकलात," मी लगेच म्हणालो.

"माझी समजूत काढायला दिलेला निकाल मी घेत नाही. पुरावा आणा." एवढं बोलून त्यांनी डबा उचलला आणि माझ्याबरोबर टेबलावर जेवायला आल्या. डेव्हनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना कॅलिफोर्नियात मोठी नोकरी लागली. फिनिक्सच्या विमानतळावर त्यांना सोडायला मी गेलो, तेव्हा माझ्या खिशात एक कागद होता. वर्षभर एकेक नोंद करत आलो होतो. मशीनला दोष देत मी तीन आठवडे घालवले, तो बिघाड त्यांनी एका पाळीत शोधला. नव्या मुलीची चूक झाली तेव्हा मी मान खाली घातली, त्या मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. अशा अकरा गोष्टी, प्रत्येकीपुढे तारीख. खाली लिहिलं होतं: जजबाई विजयी.

बाईंनी चष्मा लावला आणि गेटपाशी उभ्या उभ्या सगळं वाचलं. पेन मागून घेतलं आणि तीन ओळींवर काट मारली. "या ऐकीव आहेत, कुलकर्णी. बाकी आठ मान्य."

मग कागदाची नीट घडी करून पर्समध्ये ठेवली आणि विमानात गेल्या. हरल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.