काचेचा पेला

झाशीत गाडी तासभर थांबली तर लोक आरडाओरडा करतात, पण त्याच झाशीतल्या नगरा वस्तीतल्या एका इस्पितळात रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डाला सिस्टर एकच, यावर सगळे गप्प. म्हणून आणखी सिस्टर मागणारं सह्यांचं पत्रक मी छापलं.

ही सिस्टर कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. आधी नखं बघते, मग हिरड्या. अंगावर लाल ठिपके दिसले की त्यांवर काचेचा पेला दाबते. दाबूनही ते गेले नाहीत, तर कातडीखाली रक्त उतरलंय.

"ताई, सही करा. एकट्या राबून मरताय इथं."

पत्रकाला तिनं हातही लावला नाही. माझी बाही सारून पेला दाबला.

"भैया, हे कधीपासून?"

"डास चावलेत."

काचेखाली ठिपके तसेच लाल होते. सकाळी रिकाम्या झालेल्या खाटेवरची चादर तिनं हातानं सारखी केली.

"बैठिए."